निर्जनातला मशालजी

रेक्टर शलाका मोहितेंना माणसांची भारी आवड, हे कोल्हापुरातल्या त्या मुलींच्या वसतिगृहात कालपरवा आलेल्या पोरीनंही सांगितलं असतं. कुणाचं घरच्यांशी वाजलंय, कुणाच्या न्हाणीत गरम पाणी येत नाही, कुणाला कुणीतरी मेसेज करून छळतंय, सगळ्या गाऱ्हाण्यांची गंगा रेक्टरच्या दारात. ‘दार वाजवून आत यावे’ अशी पाटी होती, पण वाजवणं आणि आत येणं एकाच वेळी व्हायचं. आणि मॅडम हातातला घास ताटात ठेवून म्हणायच्या, “ये गं बाळा, बस.”

आता खरं सांगायचं तर मॅडमना माणसांचा वीट आला होता. ‘मॅडम’ हा शब्द कानावर पडला की त्यांच्या मानेची शीर ठणकायची. सुट्टीत भावाकडे जावं तर भावजय शेजारणींना गोळा करून बसवायची, “आमच्या वन्सं पोरींच्या मनातलं बरोब्बर ओळखतात हं.” की पुन्हा तेच, कुणाची लेक ऐकत नाही आणि कुणाची सून बोलत नाही. शलाका गोड हसायची. गोड हसण्याची सवय जडली की मेली सुटत नाही.

दुपारी मात्र सगळ्या पोरी कॉलेजात गेल्या, स्वयंपाकघरातल्या सुलभाक्का पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या, की शलाका आपल्या खोलीला आतून कडी घालायची आणि चष्मा चढवायची.

हा चष्मा तेव्हा घरोघरी पोचला होता. तो डोळ्यांवर आला की खोली नाहीशी व्हायची आणि समोर ‘दूरदेश’ उघडायचा. डोंगर, खिंडी, किल्ले, ओस पडलेल्या पेठा. तुम्ही त्यात कुणीतरी व्हायचं आणि चालू लागायचं. खेळाची दोन दारं होती. एका दाराचं नाव ‘जत्रा’. तिथं देशभरातले लाखो खेळाडू एकाच जगात वावरायचे, टोळ्या करायचे, लढाया करायचे, लग्नंसुद्धा लावायचे. शलाकानं पहिल्यांदा तेच दार उघडलं होतं. पण घटकाभरात तिच्याभोवती पाच-सहा जण जमले आणि त्यातली एक तलवारवाली रडत सांगायला लागली, “ताई, माझ्या टोळीतले माझ्याशी बोलत नाहीत.” शलाकानं कपाळावर हात मारून घेतला आणि चष्मा काढला.

दुसऱ्या दाराचं नाव ‘निर्जन’. तेच डोंगर, त्याच खिंडी, पण माणूस औषधालाही नाही. जे गावकरी, शिपाई, वाटाडे भेटतील ते सगळे संगणकानं चालवलेले. जाहिरातच होती तशी, ‘इथं तुमच्याशिवाय कुणी नाही.’ ते वाक्य वाचून शलाकाला इतकं बरं वाटलं, की ती एकटीच मोठ्यानं “वा!” म्हणाली.

निर्जनात ती एक श्रीमंत व्यापारीण झाली. खिंडीच्या तोंडाशी तिला एक मशालजी मिळाला. खांद्यावर घोंगडी, हातात मशाल, मान खाली. तो पुढं चालायचा, ती मागं. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, “बाईसाहेब, दमलात का?” आणि शलाकाच्या तोंडून एकदम निघालं, “तुला काय करायचंय रे? पुढं बघून चाल, मुडद्या!”

म्हटलं आणि ती स्वतःच दचकली. मग तिच्या लक्षात आलं की कुणाला काही लागलेलं नाही. लागायला कुणी आहेच कुठं? गेल्या कित्येक वर्षांत तिनं कुणाला ‘मुडद्या’ म्हटलं नव्हतं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

तेव्हापासून रोज दुपारी ती मशालजीला फैलावर घ्यायला लागली. मशाल उंच धरलीस, खाली धरलीस, शिंकलास का, गप्प का, बोललास का. तो सगळं ऐकून घ्यायचा. मधेच एखादं वाक्य बोलायचा, “आज जरा जास्तच लागलंय वाटतं तुम्हाला कुणाचं.” तेवढ्यानं ती आणखी भडकायची, आणि मग सगळं सांगायची. या सांगण्यातूनच तिला नकलांचा नाद लागला. संस्थेच्या सचिवसाहेबांची नक्कल, पालकांची नक्कल आणि मग पोरींची.

“आमच्याकडे एक नमुना आहे, ऐक हं,” ती एके दिवशी म्हणाली. मान तिरकी केली, ओढणीचं टोक चिमटीत धरलं, आवाज बारीक केला. “मॅडम, येऊ का? मॅडम, बसू का? मॅडम, उठू का?” मग डोळे विस्फारून, “मॅडम, श्वास घेऊ का?”

मशालजी क्षणभर थांबला. मग असा हसला, की मशालीच्या ठिणग्या उडाल्या. शलाकाही पोट धरून हसली. किती दिवसांनी कुणाबरोबर हसली होती ती! मग रोज त्या नकलेत भर पडायला लागली. नमुना जेवताना कसा चावतो, नमुना जिन्यात भिंतीला कसा चिकटतो. मशालजी दाद द्यायचा.

आणखी एक खेळ होता. हादग्यात आपण खिरापत झाकून ठेवतो आणि ओळखायला लावतो, तसं ती एक झाकलेला डबा पुढं धरायची. “ओळख.” सगळं जग सुरुवात करतं ती ‘गोड की तिखट’पासून. मशालजीचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला, “रात्री भिजत घातलं होतं का?” मग एकेक पदार्थ बाद करत तो नेमका पोचायचा, आणि शलाका म्हणायची, “चूक!” डबा उघडायचीच नाही. तो हिरमुसायचा, ते बघायला तिला मजा यायची. यंत्राला हादगा ठाऊक आहे याचं तिला कौतुक वाटलं होतं. हा प्रोग्रॅम लिहिणारा नक्की आपल्याकडचा असणार, असं म्हणून तिनं तो विषय संपवला. म्हणतात ना, दिसत होतं पण बघायचं नव्हतं.

तो नमुना म्हणजे शिवन्या रेडेकर. नेसरीकडची पोर, पहिल्या वर्षाला. खरोखरच येऊ का, बसू का करणारी, ताट घेऊन खोलीत जाणारी, चौघींत उभी राहिली की पाचवीच्या सावलीत लपणारी. कॉलेजातून तक्रार आली, दुपारच्या तासांना नसते म्हणून. शलाकानं तिला ऑफिसात बोलावलं.

“दुपारी असतेस कुठं बाळा?”

“खोलीत, मॅडम.”

“एकटीच?”

“हां मॅडम. एकटं बरं वाटतं मला.”

“असं एकलकोंडं राहून कसं चालेल? चारचौघांत मिसळावं. माणसासारखं औषध नाही बघ,” शलाका म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. मनातल्या मनात ती पोरीचा तो “हां मॅडम” घोळवत होती, दुपारच्या नकलेसाठी.

आश्विन लागला आणि बातमी फुटली.

बंगळुरूच्या एका संशोधक बाईंनी ‘दूरदेश’च्या आतला कारभार उघडा पाडला. निर्जन निर्जन नव्हतंच. झालं होतं असं, की सुरुवातीला कंपनीनं तिथं खरोखर यंत्रंच ठेवली होती. पण खेळाडू महिन्याभरात कंटाळून निघून जायचे. का, ते मेंदूच्या अभ्यासकांनी शोधून काढलं. माणूस उत्तर देण्याआधी किंचित थांबतो, आणि ते थांबणं दर वेळी वेगळं असतं, कारण त्याला काहीतरी हवं असतं किंवा काहीतरी झाकायचं असतं. यंत्राला ना काही हवं, ना काही झाकायचं. थांबायला त्यालाही शिकवता येतं, पण ते उसनं थांबणं आपला मेंदू ओळखतो आणि त्याला ते जग भकास वाटायला लागतं. थोडक्यात, ज्याला एकांत हवा असतो त्यालाही समोर कुणीतरी लागतंच.

मग कंपनीनं ‘पडदा’ तयार केला. एकांत मागणारी दोन माणसं घ्यायची आणि मधे हा पडदा सोडायचा. तो एकाचं बोलणं ऐकतो, त्यातला हेतू, राग, हसू आणि ते थांबणं जसंच्या तसं ठेवतो. आवाज, चेहरा, नावगाव, हुद्दे मात्र दुसऱ्याच्या जगाला शोभतील असे बदलून पुढं पाठवतो. एकाचं वसतिगृह दुसऱ्याला व्यापाऱ्यांचा तांडा म्हणून ऐकू येतं. तुमच्या जगात तुम्ही खेळाडू आणि समोरचा यंत्र, त्याच्या जगात तो खेळाडू आणि तुम्ही यंत्र. दोघंही खूश, आणि दोघंही एकटे.

शलाकानं ती बातमी मेसमध्ये, हातात आमटीची वाटी असताना वाचली. वाटी तिनं तशीच खाली ठेवली. ते सगळं कुणीतरी ऐकलं होतं. मुडद्या, नालायका, बैलोबा, सगळं. कान असलेल्या, रात्री अंथरुणावर पडून आठवणाऱ्या कुणीतरी.

“काय वो मॅडम, मीठ जास्त झालंय काय?” सुलभाक्कांनी विचारलं.

“नाही हो आक्का.”

ती स्वतःची समजूत घालत राहिली. असेल कुणी नागपूरला नाहीतर इंदूरला. त्याला ना माझं नाव माहीत, ना मला त्याचं. देश केवढा मोठा! तरी आंघोळ करतानासुद्धा तिला ‘चूक!’ म्हणणारा स्वतःचा आवाज ऐकू यायचा आणि ती नळ मोठा सोडायची.

चार दिवसांनी वसतिगृहाचा हादगा होता. अंगणात पाटावर हत्ती काढला, पोरींनी फेर धरला. शिवन्या खांबाआड. शलाकानं नेहमीसारखं तिला हाताला धरून ओढत आणलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “आज खिरापत हिनं ओळखायची.” पोरींनी टाळ्या पिटल्या. शिवन्याचे कान लाल झाले. तिनं ओढणीचं टोक चिमटीत धरलं, झाकलेल्या पातेल्याकडं बघितलं आणि क्षणभर थांबली.

ते थांबणं शलाकानं शंभर वेळा ऐकलं होतं.

“रात्री भिजत घातलं होतं का?” शिवन्यानं विचारलं.

पोरी खिदळल्या. कुणी म्हणालं, “अगं, आधी गोड की तिखट ते विचार!” शिवन्या पुटपुटली, “आमची आई असंच विचारते. भिजवलेलं असलं की निम्म्या खिरापती बाद होतात.” मग हळूहळू, एकेक विचारत ती पोचली. “वाटली डाळ.”

“चूक,” शलाका म्हणाली. तोंडातून गेलंच.

“अवो, बरोबर हाय की वो मॅडम!” सुलभाक्का ओरडल्या. “म्याच केलीया न्हवं डाळ!” त्यांनी झाकण काढलं. सगळ्या पोरींनी शिवन्याला गलका करून घेरलं. शलाका मागच्या मागं सरकली आणि ऑफिसात जाऊन बसली. बारीक आवाजातली ती नक्कल, ‘श्वास घेऊ का’, तिनं त्या पोरीसमोरच केली होती. तिचीच, तिलाच. आणि पोर हसली होती.

लाज वाटते म्हणजे काय होतं, हे शलाकानं आजवर कितीतरी पोरींना समजावून सांगितलं होतं. आता मात्र तिला आपलं तोंड नक्की कुठं न्यावं ते कळेना. आरशाकडं पाठ करून बसली बिचारी. बिचारी तरी कशाला म्हणायचं?

लोकांचा संताप एवढा झाला, की कंपनीनं नमतं घेतलं. त्या थांबण्यात वाटेतला उशीर मिसळू नये म्हणून जोड्या शक्यतो जवळपासच्याच लावल्या होत्या, हेही तिनं कबूल केलं. ज्यांना आपला जोडीदार कोण होता हे जाणून घ्यायचंय, त्यांनी तसं कळवावं. दोघांनीही ‘हो’ म्हटलं तरच नावं उघड होतील. दुसऱ्याच दिवशी शलाकाच्या फोनवर निरोप आला. ‘तुमच्या जोडीदारानं होकार दिला आहे. तुमचं उत्तर?’ खाली दोन चौकोन होते, ‘हो’ आणि ‘नाही’. तिनं फोन पालथा घातला. दिवसभर तो तसाच होता.

संध्याकाळी दार उघडून शिवन्या आत आली. येऊ का नाही, बसू का नाही, सरळ येऊन खुर्चीत बसली. तिचा चेहरा इतका उजळलेला शलाकानं कधी पाहिला नव्हता.

“मॅडम, तुम्ही म्हणायचात ना, एकलकोंडी राहू नको? मी एकटी नव्हतेच, मॅडम!” ती सांगायला लागली. “निर्जनात मी रस्ता दाखवणारी होते, आणि एक व्यापारीण यायची. भारी चिडकी बाई. लई बोलायची मला. पण रोज यायची. मला वाटायचं यंत्र आहे, तरी मी दुपारी तिच्यासाठी तास बुडवायचे. आता कळतंय, ती खरी आहे! कुणीतरी खरं माणूस रोज माझ्यासाठी येत होतं. माझ्याशी इतकं कुणीच बोलत नाही, मॅडम.”

शलाकानं विचारलं, “पण ती तुला वाईट बोलायची ना?”

“तिचं काहीतरी दुखत असणार. आनंदात असलेलं माणूस असं बोलतं होय?” शिवन्या पुढं झुकली. “मी ‘हो’ कळवलंय. ती पण ‘हो’ म्हणेल ना?”

टेबलावर दोघींच्या मधे तो पालथा फोन होता. आणि शलाकानं काय केलं? जे आयुष्यभर करत आली तेच. गोड हसली. म्हणाली, “बाळा, असल्या अनोळखी लोकांच्या नादी कशाला लागायचं? समज ती नाही म्हणाली, तर वाईट वाटून घेऊ नकोस.”

शिवन्याचा चेहरा पडला. “नाही म्हणेल? बरोबर आहे. मीच वाईट वागले असेन.”

“तू? तू काय वाईट वागलीस?”

शिवन्या खाली मान घालून म्हणाली, “तिच्या तांड्यात एक मुलगी होती, मॅडम. घाबरट. ती बाई तिची नक्कल करायची आणि मी हसायचे. मुद्दाम, पुन्हा करा म्हणायचे. मला वाटायचं, चला, माझ्यापेक्षा बावळट कुणीतरी आहे जगात. यंत्रातली का असेना. पण ती बाई खरी, म्हणजे ती मुलगी पण खरीच असणार ना? कुठंतरी असेल ती. बातमी आल्यापासून मला जेवण जात नाही. त्या बाईंनी ‘हो’ म्हटलं, की मी आधी त्या मुलीचा पत्ता विचारणार आहे. तिची माफी मागायचीय मला.”

शलाकाचं हसू ओठांवर तसंच राहिलं होतं, ते तिला आता काढताही येईना. ‘नाही’वर बोट ठेवलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. शिवन्याला थोडे दिवस वाईट वाटलं असतं, आणि मॅडम मॅडमच राहिल्या असत्या. पण ही पोर स्वतःचा पत्ता शोधत गावभर हिंडणार, आणि स्वतःचा अपराध वागवत रोज या जिन्यावरून वरखाली करणार. आणि आपण तिला ‘ये गं बाळा’ म्हणणार. शलाकाला स्वतःची किळस आली.

तिनं फोन सुलटा केला आणि ‘हो’ दाबलं.

शिवन्याच्या मांडीवरचा फोन वाजला. तिनं घाईनं बघितलं. नाव वाचलं. मग शलाकाकडं बघितलं. पुन्हा फोनकडं. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली आपटली.

“तुम्ही?”

“हो.”

शिवन्याला हिशेब लागायला वेळ लागला नाही. व्यापारीण म्हणजे मॅडम, तांडा म्हणजे हे वसतिगृह. आणि मग पुढचं. शलाकाला ते तिच्या चेहऱ्यावर येताना दिसलं, आणि नजर काढून घेण्याची सोय नव्हती.

“ती मुलगी मी आहे,” शिवन्या म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. “मी इतकी हसले ती माझ्यावर.”

“शिवन्या, चूक माझी आहे. तुझा काडीचाही दोष नाही. मी लाज सोडून वागले. मला वाटलं समोर कुणी नाही. पण कुणी नसलं म्हणून काय झालं, माझ्या मनात तर तेच होतं ना? बाळा, मी तुझी…”

“नका मागू, मॅडम,” शिवन्या एकदम म्हणाली. उभी राहिली. तिचा आवाज कापत होता, पण बारीक नव्हता. “तुम्ही माफी मागितलीत, तर मला द्यावी लागेल. मला नाही म्हणता येत नाही कुणाला, तुम्हाला माहीतच आहे. म्हणून आत्ता मागू नका.”

“मग कधी?”

“माहीत नाही. मी सांगेन तेव्हा. नाही सांगितलं तर राहू दे.”

ती गेली. दार तिनं हळूच लावून घेतलं.

थोड्या वेळानं दार वाजलं आणि त्याच क्षणी उघडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी होत्या. “मॅडम, वरचं पाणी गेलंय.”

त्यांच्याकडं बघून हसायचं तिला जमलं नाही. ती उठली आणि पंप लावायला गेली.